एक्केचाळीस नंबरचा खांब

बेंतो, ४ मे

कोसमास,

फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर माझा आवाज ऐकला की ठेवून देतोस. म्हणून कागद. मार्सेलची बायको येत्या बोटीने तावाउला परत निघालीय, तिच्या हाती देतोय. तिला बजावलंय, पामच्या मळ्यावर मुकादमाकडे ठेवू नकोस, त्याच्याच हातात दे. फाडायचं तर वाचून फाड.

बारा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितोय, ते काही भावाची माया उतू चाललीय म्हणून नाही. काम आहे.

डोंगरावर कंपनी आलीय. पोचो लांदाच्या उद्यानात त्यांना ऐंशी बंगले बांधायचेत, दरीवर काचेचा पूल टाकायचाय आणि बंगल्यागणिक पोहायचं तळं. आतापर्यंत त्या जंगलात कोणीही जावं, सरपण आणावं, मध काढावा, पोरांनी झऱ्यावर डुंबावं, कोणी विचारत नव्हतं. आता खालच्या वाटेवर पाटी लागलीय: प्रवेश फक्त पाहुण्यांसाठी. आम्ही आमच्याच डोंगराचे पाहुणेसुद्धा नाही.

उद्यानाच्या जमिनीला हात लावायला कायदा आडवा येतो. म्हणून त्यांनी पळवाट शोधली. त्यांचं म्हणणं, एक्केचाळीस नंबरच्या खांबाच्या वर जी पट्टी आहे ती उद्यानाची नव्हतीच. ती कोसमासची कॉफीची बाग होती, खांब मागून खाली सरकवला. ती पट्टी खासगी ठरली की झरा त्यांचा, आणि झरा हातात आला की वरचा सगळा डोंगर त्यांचाच. पाण्याशिवाय ऐंशी तळी भरायची कशी?

हेंद्रा नावाचा त्यांचा माणूस आहे, दात फार पांढरे. तो तुझ्याकडे यायचा म्हणतो. कागद पुढे करेल. सही करू नकोस. खांब जिथे रोवला तिथेच आहे. तू ते तेव्हाही मानलं नाहीस, पण तू मानत नाहीस म्हणून खांब काही चालायला लागत नाही.

तुझी झाडं मी तोडली, कारण मी वनरक्षक होतो आणि झाडं हद्दीच्या आत होती. तू कोयता उगारलास आणि माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी पोलिसांत गेलो नाही. तेवढं तरी आठव आणि सही करू नकोस.

ब्लासियस

बेंतो, २९ मे

कोसमास,

उत्तर नाही. मार्सेलची बायको म्हणाली, पत्र घेतलंस, खिशात घातलंस, जेवलीस का एवढंही विचारलं नाहीस.

इथे यंत्रं आली. दोन पिवळी धुडं, खालच्या वळणावर उभी आहेत. त्यांच्याबरोबर किनाऱ्याकडून आणलेली चाळीसएक माणसं. लोखंडी कांबी, कोयते, तोंडाला फडकी. हद्द ठरवायला सरकारची चौकशी समिती बसायची आहे, त्याच्या आत पट्टी साफ करून टाकायची म्हणजे चौकशीला काही उरायला नको, असा बेत.

काल ढोलघरात सगळे जमले. गावाचे बाप, एमा रोफिनुस, आता ऐंशीचे झालेत. दात एक नाही, पण जिभेला हाड आहे असं वाटतं. त्यांनी विचारलं, "खांबापाशी पुढे कोण उभं राहणार?"

"त्यात विचारायचं काय?" मागून कानिसियस ओरडला. "ज्या घराने माती जिभेवर ठेवली, त्या घराने."

"बरोबर. ब्लासियसच्या घराला बारा वर्षांत काय झालं? एक डुक्कर मेलं नाही."

"अरे, त्याच्या कोंबड्यासुद्धा म्हातारपणाने मरतात!"

सगळे हसले. मीही हसलो.

तुला सांगायला नको, जमिनीच्या भांडणात खरं बोललेल्या घराला लोखंड लागत नाही, ही इथली समजूत. तुझ्या वेळी एमा रोफिनुसनी खांबापाशची चिमूटभर माती आधी तुझ्या जिभेवर ठेवली, मग माझ्या. तू म्हणालास खांब सरकवलाय, मी म्हणालो नाही. जो खोटा, त्याच्या घराला माती महिन्याच्या आत विचारेल. पुढचं तुला माहीत आहे, मी लिहीत नाही.

मी म्हणालो, मी उभा राहतो. तर कानिसियस म्हणतो, "तुझी डावी मूठ वळत नाही, ढाल काय दातांत धरणार?" तेवढ्यात माझा दामी उठला. तू गेलास तेव्हा दहा वर्षांचा होता, आता बावीसचा आहे, खांद्याने दाराची चौकट भरते. गेल्या कापणीच्या सणात चाबकाच्या खेळात त्याने वरच्या गावचे तिघे लागोपाठ बाद केले. मला म्हणाला, "एमा, तू बस. घर तेच आहे ना? मी उभा राहतो."

एमा रोफिनुसनी माझ्याकडे बघितलं. "बोल ब्लासियस. तुझ्या घराची गोष्ट आहे. काही सांगायचं असेल तर आत्ता सांग."

मी म्हणालो, "काही नाही. राहू दे उभा."

बोलण्यासारखं काय होतं?

ब्लासियस

बेंतो, ११ जून

कोसमास,

दामी गेला.

पहाटेपासून आम्ही खांबापाशी होतो. साठ माणसं. दामी सगळ्यांच्या पुढे, उघड्या अंगाने, हातात म्हशीच्या कातड्याची ढाल आणि चाबूक. कोयता घे म्हटलं तर म्हणाला, खऱ्याला कशाला लागतो? आठ वाजता यंत्र चढायला लागलं. आमच्या पोरांनी वरून दगड सोडले, काच फुटली, चालवणारा उडी मारून पळाला. कोणीतरी बाटली पेटवून आत टाकली. बसायची जागा जळताना रबराचा असा वास सुटला की उलटी यावी. मग ती चाळीस माणसं धावत आली.

कानिसियसच्या थोरल्याचा हात कोपरातून उलटा झाला. मी हाड बाहेर आलेलं पाहिलं. वेरोनिकाच्या डोक्यात कांब बसली, ती बसल्या जागी झोपल्यासारखी कलंडली. अजून तिला स्वतःचं नाव सांगता येत नाही. दामीने दोघांना चाबकाने आडवं केलं. तिसरा कोयता घेऊन आला. दवाने गवत ओलं होतं, दामीचा पाय घसरला आणि घाव मानेवर बसला. ढालीच्या वरून. मी तीन पावलं मागे होतो. रक्त माझ्या तोंडावर उडालं ते गरम होतं.

त्या माणसाला मी सोडलं नाही. वीस-बावीसचाच असेल तोही. दगड घेऊन गुडघा फोडला. तो पडला, हात जोडत होता, आई आई करत होता, आपल्याच बोलीत. मी मारत राहिलो. त्याचा एक डोळा गेलाय असं म्हणतात. मला चौघांनी ओढून काढलं. पोलीस त्यानंतर आले.

यंत्रं खालच्या वळणावर परत गेली. समितीचा निकाल लागेपर्यंत काम बंद, असा हुकूम निघाला. दामीला घरासमोर पुरलं. त्याची आई, युस्तिना, त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही.

आणि आता तुझं. पुरून आलो त्याच दुपारी हेंद्रा पोलिसांच्या गाडीतून आला. वाईट वाटलं म्हणाला. मग कागद दाखवला. तुझी सही. तारीख एकोणीस एप्रिल. मी तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तू पंधरा दिवस आधीच सगळं करून मोकळा झाला होतास! पत्र खिशात घालून माझ्यावर हसला असशील. झरा विकलास. ज्या पाण्याने तुला अंघोळ घातली ते विकलंस. दामीला कोणी मारलं म्हणून विचारशील तर मी तुझ्याकडे बोट दाखवेन. उजव्या हाताचं, ती अजून पाच आहेत.

तू समोर असतास तर त्या पोराला केलं तेच तुला केलं असतं.

ब्लासियस

बेंतो, २३ जून

कोसमास,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

दामीचा पाय घसरला नाही. गवत कोरडं होतं, पाऊस कधीच संपलेला, आपल्याकडे जून महिन्यात कसलं दव? कोयता येताना त्याला दिसला होता. त्याने ढाल वर केलीच नाही. तो नुसता उभा राहिला, छाती काढून, कारण त्याच्या बापाने मातीवर खरं सांगितलं होतं आणि त्याला लोखंड लागणार नव्हतं. घाव येताना तो हसत होता. घाव बसल्यावर त्याने वळून माझ्याकडे बघितलं. त्याला दुखलं असेल, पण मला जे दिसलं ते दुखणं नव्हतं. त्याला कळलं होतं.

खांब मी सरकवला. तू म्हणालास तसंच. मी, म्हातारा लुकास आणि तो लांबचा सर्वेयर, तिघांनी रोवला तेव्हा तो वर पांढऱ्या खडकापाशी होता. ते दोघेही आता हयात नाहीत. पावसाळा संपल्यावर मी एकटा गेलो, पहारीने उपटला आणि नव्वद पावलं खाली आणून पुरला. दोन दिवस कंबर धरली होती. युस्तिनाला सांगितलं, सरपण उचललं.

का, ते मी स्वतःला बारा वर्षं सांगत आलो: तू झऱ्यावरची झाडं पाडून कॉफी लावत होतास, झरा आटला असता. हे खरंही आहे. पण पूर्ण खरं नाही. आपल्या एमाने, बापाने, ती पट्टी तुला दिली, धाकट्याला, आणि मला खालचा मुरूम. मरताना माझ्याकडे बघून म्हणाले, तुला सरकारी नोकरी आहे. मला ते गिळता आलं नाही. तुझी झाडं तोडताना मला बरं वाटत होतं, कोसमास. करवत चालली की बरं वाटायचं.

मग तुझी पोरगी गेली. शपथेच्या अठराव्या दिवशी. बाराच दिवसांची होती, ताप होता, दवाखाना लांब होता. सगळं गाव म्हणालं, मातीने विचारलं. तुझ्या घरावर दगड पडले. मी दारातून बघत होतो. एक शब्द बोललो असतो तर थांबलं असतं. तू बायकोला घेऊन मागच्या वाटेने गेलास, आणि मी दार लावून घेतलं.

आता कोणी म्हणेल, मातीने उशिरा का होईना, बरोबर घर शोधलं. मी रोज दामीच्या मातीपाशी बसून हाच विचार करतो आणि मला तो पटत नाही. खरं बोललास तू, पोरगी तुझी गेली. खोटं बोललो मी, बारा वर्षं डुक्करही मेलं नाही. मातीला काय कळतं? कळत होतं फक्त मला. मी "काही नाही, राहू दे उभा" म्हणालो. माझ्या पोराला मी मारलं. त्या एका डोळ्याच्या पोराने फक्त कोयता धरला होता.

हे मी परवा दिवसाउजेडी ढोलघरात सांगितलं. सगळ्यांसमोर. एमा रोफिनुसनी दामीचाच चाबूक मागवला. मला अंगणात उभं केलं, ढाल न देता. चाबकाच्या खेळात तोंडावर फटका बसला की माणूस बाद होतो, जन्मभर पुन्हा रिंगणात येत नाही, हे तुला माहीत आहे. त्यांनी तोंडावरच मारला. ऐंशीच्या माणसाच्या हातात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. मग कानिसियसने. मग त्याच्या हात मोडलेल्या पोराने डाव्या हाताने. मग तुझ्या घरावर तेव्हा दगड टाकणाऱ्या एकेकाने, स्वतःचीच लाज माझ्यावर काढल्यासारखी. फटका बसला की मारणाऱ्याचे आभार मानायची रीत आहे. मी सोळा वेळा मानले. नाक मोडलं, खालचा ओठ दोन ठिकाणी फाटला. नंतरचे आभार नीट ऐकू गेले नसतील.

मी म्हणालो, समितीपुढे जाऊन खरं सांगतो. कोसमासची पट्टी होती, त्याचं नाव धुऊन काढतो.

कोणी काही म्हणायच्या आत युस्तिना उठली. सोळा दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"तू खोटं बोललास म्हणून माझा मुलगा गेला," ती म्हणाली. "आता खरं बोललास तर तो फुकट गेला."

एमा रोफिनुसनी चाबूक परत मागून घेतला. मग म्हणाले, "तिचं ऐक. ज्या तोंडाने सांगितलं होतंस त्याच तोंडाने पुन्हा सांग." आणि चाबूक माझ्या पायाशी टाकला.

समिती दोन जुलैला बसतेय. खरं बोललो तर तू खरा ठरतोस, तुझी सही चालते, आणि झरा, पट्टी, मग सगळा डोंगर जातो. खोटं बोललो तर डोंगर राहतो आणि तू पुन्हा चोर.

मला काय करावं ते कळत नाही. पट्टी तू विकलीस, पण तुझी होती, तुला कोण काय बोलणार? मागच्या पत्रात जे लिहिलं त्याची मला शरम वाटते.

ब्लासियस

लाबुआन बाजो, २ जुलै

कोसमास,

बंदरावर बसून लिहितोय. बोट चार वाजता सुटते. आपल्या चर्चमधला सेवेरीन तावाउला जातोय, तो हे आणेल.

मी खोटं बोललो.

सभागृहात पाच अधिकारी होते, हेंद्रा होता, त्याचा वकील होता. त्यांच्याकडे एक जुना नकाशा निघाला, वाळवी लागलेला, त्यात खांब वर दिसतो. पण नुसत्या नकाशावर समिती ठरवणार नव्हती. खांब रोवणारा जिवंत साक्षीदार मी एकटा. सगळं माझ्यावर येऊन थांबलं.

"तोंडाला काय झालं?" मुख्य अधिकाऱ्याने विचारलं.

"चाबकाचा खेळ होता, साहेब."

"या वयात?"

मागे आमची माणसं हसली. अधिकारीही हसला. मग त्याने विचारलं, एक्केचाळीस नंबरचा खांब कधी हलवला गेला का?

"नाही."

"तुमच्या भावाने कंपनीला दिलेल्या कागदात लिहिलंय की तुम्ही हलवला."

"माझा भाऊ चोर होता, साहेब. उद्यानात कॉफी लावली होती. मी स्वतः तोडली. त्याने माझी बोटं तोडली, ही बघा."

हात वर केला. सगळ्यांनी बघितलं. तू कोयता उगारलास तो तुझ्या हक्कासाठी, आणि ती बोटं मी आज तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवली. त्यांनी पवित्र ग्रंथावर हात ठेवायला सांगितलं, ठेवला. माती कोणी मागितली नव्हती. मी खिशात आणली होती, खांबापाशची. तीही जिभेवर ठेवली. वकील म्हणाला हे काय चाललंय, पण हेंद्राचा चेहरा उतरला. तो आपल्यातलाच, मंगराई आहे, त्याला कळलं.

दुपारी निकाल वाचला. खांब खरा, पट्टी उद्यानाची, त्यामुळे तुझी विक्री रद्द. पंधरा दिवसांत यंत्रं उतरवायची, पाटी काढायची. आमची माणसं रस्त्यावर नाचत होती. वेरोनिकाला कोणीतरी पाठुंगळीवर आणलं होतं, तिला काय चाललंय ते कळत नव्हतं, तीही हसत होती. युस्तिना एका बाजूला उभी होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "घरी जाऊन जेवून घे." बस, एवढंच.

कंपनी दुसऱ्या वाटेने येईल, ते मला माहीत आहे. पण या वाटेने नाही. निदान मी सांगितलं तेच टिकलं तर.

आणि ते टिकेल की नाही हे आता माझ्या हातात नाही. तेवीस जूनचं पत्र मी पाठवलंच नव्हतं. घाबरलो होतो. ते या पाकिटात घातलंय. त्यात सगळं आहे: खांब कुठे होता, कधी उपटला, किती पावलं खाली आणला, का आणला. पांढऱ्या खडकाशेजारी जुना खड्डा आहे, तळाशी सिमेंटचा गोळा राहिलाय, खणला तर सापडेल. हे कागद हेंद्राला दाखवलेस तर निकाल फिरेल. मी तुरुंगात जाईन, ते काही मोठं नाही. पोचो लांदा जाईल. दामी पडला त्या जागेवर बंगला उभा राहील. युस्तिनाला मी काय सांगणार, मला माहीत नाही.

पण तुझी पोरगी तुझ्या खोटेपणामुळे गेली नाही, हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. तुझ्या बायकोला वाचून दाखव. बारा वर्षं तिने काय काय ऐकून घेतलं असेल. त्यानंतर कागदांचं जे करायचं ते कर. मी तुला काही सांगणार नाही, आणि विनवणारही नाही. विनवायचा हक्क मला नाही.

इथे बंदरावर दुकानातून शाईची डबी घेतली. दोन्ही पत्रांच्या प्रत्येक पानाखाली पूर्ण नाव लिहिलंय आणि उजवा अंगठा उठवलाय. नुसती सही त्यांनी मानली नसती.

ब्लासियस गंगुर
माजी वनरक्षक, पोचो लांदा